तीन नंबरची रिकामी जागा

माहीम गावाहून बोईसरच्या बाजारात जाणाऱ्या हितेशच्या टेम्पोत प्रत्येकीची जागा ठरलेली. शून्य नंबर हितेशचा, कारण नंबर पाडले प्रतीक्षाने आणि संगणकवाल्यांचं मोजणं शून्यापासून. एक ते सहा मासळीवाल्या. सात नंबर खुद्द प्रतीक्षाचा. बोईसरच्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्राम लिहायची. एखादी आली नाही, तर तिची जागा रिकामीच जायची. तिथे मासळीची पाटीसुद्धा ठेवायची नाही, हा बायकांचा कायदा.

सकाळी कोणाकोणाला घ्यायचं हे हितेशला मोबाइलवर दिसावं म्हणून प्रतीक्षाने ॲप केलं. "माजी भाची करते, चुकायची नाय," असं सांगून चार नंबरच्या प्रेमलाआत्याने साऱ्याजणींना राजी केलं.

मग तीन नंबरची उषा लेकीच्या बाळंतपणाला गेली. प्रतीक्षाने तिचं नाव काढलं आणि दुसऱ्या दिवशी हितेशच्या मोबाइलवर एकही नाव दिसेना. आज सुट्टी, असं समजून गडी घरीच राहिला. बायका ओले बोंबील घेऊन नाक्यावर ताटकळल्या. प्रतीक्षाही त्यांच्यातच उभी होती.

तिच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत साधी यादी आणि चिठ्ठ्या लावलेले डबे, दोन्हींना एकच वस्तू: ॲरे. शून्यापासून ओळीने, मध्ये खंड न पडता नंबर असले तरच ती यादी. हे ओळखायची सोय भाषेत नव्हती; ज्याने त्याने आपापलं लिहायचं. प्रतीक्षाने लिहिलं होतं, सगळ्या चिठ्ठ्यांवर आकडे आहेत ना? मग झाली यादी. दोननंतर एकदम चार येतो हे तिला खटकलंच नव्हतं. टेम्पोत तसंच तर चालायचं. मोबाइलला मात्र ती यादी म्हणून कळली नाही.

घाईघाईत तिने नंबर पुन्हा ओळीने लावले. दुसऱ्या दिवशी हितेशने मोबाइल बघून प्रेमलाआत्याला चारवरून तीनवर सरकायला सांगितलं.

"उषाच्या जागेवर? ती मेली काय रं?" आत्या कडाडली.

"तुजा मोबाइल ठेव तुज्यापाशी," पाच नंबरची जमना प्रतीक्षाला म्हणाली.

आत्या चार नंबरवरच बसली आणि तिने प्रतीक्षाकडे पाठ फिरवली. प्रतीक्षाला तेच जास्त झोंबलं. तिने त्याच दिवशी तीन नंबर मोकळा ठेवून ॲप नीट केलं, पण तोंड दाखवायची लाज वाटली. स्वतःचं नाव काढून ती एसटीने जाऊ लागली. सात नंबर शेवटचा, त्यामुळे नवा खंडही पडला नाही. हितेशला एकेकीला फोन करत बसायचा कंटाळा. तो गुपचूप ॲपच बघत राहिला.

कंपनीत तिने इतरांची कामं तपासली. पाच जणांच्या पाच तऱ्हा, त्यातल्या दोघांची चूक अगदी तिचीच. मग तिने ती भाषा घडवणाऱ्या जगभरच्या मंडळींपुढे प्रस्ताव मांडला: ॲरे ही यादी आहे की नाही, हे सांगणारं फंक्शन भाषेतच द्या.

"दोन ओळींचं काम," एकाने लिहिलं. "शंका आली की नंबर नव्याने लावून टाका. विचारायचं कशाला?"

प्रतीक्षाने ॲपचा जुना प्रोग्राम उघडला. मग आपल्या चुकीच्या दोन ओळी जशाच्या तशा सर्वांसमोर ठेवल्या आणि खाली लिहिलं: 'नंबर नव्याने लावले की जो आज नाही त्याची जागा पुसली जाते. आमच्या गावात त्यावरून भांडण होतं. आधी विचारू द्या, मग काय करायचं ते आम्ही ठरवू.'

प्रस्ताव भरघोस मतांनी मंजूर झाला. दुसऱ्या सकाळी ती धीर करून नाक्यावर गेली, निदान आत्याची माफी तरी मागावी म्हणून.

टेम्पो थांबला. आत पाय ठेवायला जागा नव्हती, पाटीवर पाटी रचलेली. तीन नंबर तेवढा मोकळा होता. आणि सात नंबरही.

"दीड महिना झाला, आत्या. ॲपमधून माझं नावसुद्धा मी काढलंय."

"काडलं आसशील," प्रेमलाआत्या म्हणाली. "तू मेली हुतीस काय? बस."