तिरकी खाच

फ्लॉपीच्या उजव्या कडेची खाच काटकोनात, नेमकी होती. डाव्या कडेची किंचित तिरकी. मागची बाजूही वापरता यावी म्हणून ती नखं कापायच्या कात्रीनं कापलेली होती, आणि कापणाऱ्या मावशीला ते बत्तीस वर्षांनीही आठवत होतं.

"मावशी, सगळे खेळच आहेत," भाची म्हणाली. तिनं जुना ड्राइव्ह छोट्या अडॅप्टरनं लॅपटॉपच्या यूएसबीला जोडला होता. सकाळपासून ती एकेक फ्लॉपी उतरवून घेत होती.

"मुलांचे खेळ वरच्या बाजूला. माझं काम मागच्या. उलटी घाल."

ड्राइव्ह खरखरला, थांबला. "कोरी दाखवतोय."

मावशीच्या नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "आता सोमवारच्या सुनावणीत कारखान्याचे वकील कोरी फ्लॉपी बघून पळत सुटणार."

तो त्याच कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झाला होता. मावशी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. कारखाना सुरू होण्याच्या वर्षभर आधीपासून तिनं भोवतालच्या नऊ विहिरींचं पाणी चार वर्षं तपासलं, आकडे घरच्या कंप्युटरवर भरले. अहवाल द्यायच्या दिवशी नवरा म्हणाला होता, थोडं थांब. ती थांबली. प्रयोगशाळेच्या वह्या पुढे रद्दीत गेल्या, आणि आता विहीरवाल्यांनी भरलेल्या खटल्यात कारखाना सांगत होता, इथलं पाणी पहिल्यापासूनच खारं. विहीरवाल्यांनी सहीसाठी दिलेला साक्षीदाराचा कागद तीन आठवडे तिच्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

"कोरी नाही," ती म्हणाली. "हे बारीक भोक बघ. त्यातून उजेड आला की या ड्राइव्हला कळतं, फेरा इथून सुरू. उलटी घातली की भोक भलतीकडे जातं. आमच्या जुन्या कंप्युटरला त्या भोकाची गरजच नव्हती."

"मग?"

"तिकडेही भोक पाडायचं. पाकिटाला. आतल्या तबकडीला धक्का न लावता."

"आणि लागला तर?"

"तर गेली."

तिनं बुचाला भोक पाडायची पितळी नळी आणली, प्रयोगशाळेतली. मधल्या गोलातून एक्स-रे फिल्मची पट्टी पाकिटात सरकवली, तबकडीच्या वर. नळी टेकवून सावकाश फिरवली.

"जपून, फाटेल," नवरा म्हणाला.

"नाही फाटत. भोक गोल पडतंय."

काळी टिकली टेबलावर पडली. मग पट्टी दुसऱ्या अंगाला, पुन्हा तेच. फ्लॉपी आत गेली. या वेळी ड्राइव्ह थांबला नाही.

"विहीर चार," भाची वाचू लागली. "क्षार साठ, बासष्ट, साठ..." ती अडखळली. "एकशे नव्वद. चारशे दहा. मावशी, हे कारखाना सुरू झाल्यावर?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

नवऱ्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "अगं, आपण त्यांचं मीठ खाल्लंय."

"मीठ विहीरवाल्यांनीही खाल्लं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं."

"लोक म्हणतील, इतकी वर्षं तोंडाला कुलूप का होतं?"

"म्हणू देत. तेही सांगेन. तुम्ही थोडं थांब म्हणालात, अहो. ते थोडं आता संपलं."

तिनं ड्रॉवर उघडून कागद काढला, टेबलावर हातानं सपाट केला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली, "सोमवारी साक्ष मी देणार आहे."