हमीवाले नकोत

छापखानेवाल्यांनी घर विकायला काढलं, तेव्हा फाटकावर लावायची पाटी त्यांनी स्वतःच्याच छापखान्यात छापून आणली. वर ठळक अक्षरांत होतं, ‘घर विकणे आहे’. खाली बारीक अक्षरांत, ‘सरकारी हमीच्या कर्जवाल्यांनी चौकशी करू नये’.

हे हमीचं कर्ज निवृत्त सैनिकांसाठी आणि सैनिकांच्या विधवांसाठी असतं. त्यांना घर घ्यायचं असलं की सरकार बँकेजवळ जामीन राहतं, त्यामुळे सुरुवातीला मोठी रक्कम हाताशी नसली तरी कर्ज मिळतं. मात्र त्याआधी घर राहण्याजोगं आहे का, हे सरकारी तपासनीस येऊन पाहतो. घर विकून देणाऱ्या दलालाने नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. हे लोक सतरा खोड्या काढतात, महिनोन्महिने लटकवून ठेवतात, त्यांना दारात उभं करू नका, असा त्याचा सल्ला होता. छापखानेवाल्यांना तो लगेच पटला. आपण उभा जन्म शाईत हात काळे करून घर बांधलं आणि या लोकांना सरकार आयतं देतं, ही सल त्यांच्या मनात आधीपासूनच होती.

पाटी लागून तीन महिने झाले, पण गिऱ्हाईक फिरकलं नाही. लेकीच्या गावी घेतलेल्या घरात राहायला जायची तारीख जवळ येत चालली, तसा त्यांचा पारा चढू लागला. घरात त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या थोरल्या भावाची बायको होती. भाऊ गेला, पुढे छापखानेवाल्यांची पत्नीही गेली, तेव्हापासून घर या वहिनींनीच सांभाळलं होतं.

एका दुपारी एक जोडपं फाटक उघडून आत आलं. बाई परिचारिकेच्या गणवेशातच होती, कामावरून परस्पर आलेली. नवरा रुंद खांद्यांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. आल्या आल्या त्याने खणखणीत आवाजात सांगितलं की आपण माजी सैनिक आहोत आणि घर हमीच्या कर्जावरच घेणार आहोत.

“पाटी वाचता येत नाही का?” छापखानेवाले म्हणाले.

“येते,” बाई म्हणाली. “तसं का लिहिलंय, तेच विचारायला आलोय. याआधी चार घरांनी तोंडावर नाही म्हटलं. लिहून ठेवणारे तुम्ही पहिलेच.”

छापखानेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात तो माणूस प्रत्येक वाक्य ओरडून बोलत होता. हा आपल्याला कवायतीत उभं करतोय की काय, असं त्यांना वाटलं. ते दोघांना वाटेला लावणारच होते, एवढ्यात वहिनी बाहेर आल्या. काही न विचारता त्यांनी पाहुण्यांना घर दाखवलं आणि ते गेल्यावर दिराला समोर बसवलं.

“भावजी, हप्ते कोण भरणार आहे? तेच ना? सरकार फक्त त्यांच्या पाठीशी उभं राहणार. मग यात फुकटचं काय?”

छापखानेवाल्यांना हे काही पटलं नाही, पण तारीख डोक्यावर आली होती, म्हणून त्यांनी कसाबसा होकार कळवला.

तपासणीला एक मध्यमवयीन बाई आल्या. बरोबर शिडी आणि विजेरी होती. छापखानेवाल्यांनी त्यांना पाणीही विचारलं नाही. त्या माळ्यावर चढल्या, तेव्हा हे खालून म्हणाले, “काढा चुका. त्याचाच तर पगार घेता.” बाई लिहीत राहिल्या. आठ दिवसांनी अहवाल आला. मागच्या खोलीच्या छतातल्या वायरी धोकादायक आहेत, त्या बदलल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही.

छापखानेवाल्यांनी तडक त्या सैनिकाला फोन लावला.

“रणांगणावर लढायचं संपलं, आता माझ्या घरावर चाल करून आलात? भीक मागायची ती मागायची, वर घराला नावं ठेवायची? व्यवहार मोडला समजा.”

पलीकडून फोन ठेवला गेला.

वहिनींनी हे सगळं ऐकलं. मागची खोली त्यांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दिराला न विचारताच त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने छताच्या दोन फळ्या काढल्या आणि छापखानेवाल्यांना हाक मारून शिडीवर चढायला लावलं. वायरींचं आवरण वितळून गेलं होतं. त्यांना टेकलेलं लाकूड हातभर लांब काळं पडलं होतं. छापखानेवाल्यांनी बोट लावलं, तर कोळशाची भुकटी खाली पडली. ती थेट वहिनींच्या उशीवर पडली.

वायरमन म्हणाला, “अजून पेटलं नाही, हेच नवल आहे.”

छापखानेवाले शिडीवरून खाली उतरले.

“भावजी,” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या त्या दलालाचं रोख देणारं गिऱ्हाईक आलं असतं, तर वर कोणी चढून बघितलं असतं? दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराबाळांच्या डोक्यावर ही आग ठेवून आपण निघून गेलो असतो. त्या माणसाच्या हक्कामुळे माझा जीव वाचला, आणि तुम्ही त्याला भिकारी म्हणालात.”

छापखानेवाल्यांना मान वर करता येईना. त्यांनी वायरमनला सगळ्या वायरी बदलायला सांगितलं आणि चपला घालून ते बाहेर पडले.

विचारपूस करत ते पोचले, तेव्हा तो सैनिक एका मोठ्या कचेरीत लिफ्ट दुरुस्त करत होता. लिफ्ट बंद असल्यामुळे बाहेर माणसं खोळंबली होती. छापखानेवाले जवळ जाऊन हळूच काहीतरी पुटपुटले.

“मोठ्याने बोला,” तो म्हणाला. “तोफांनी कान गेलेत माझे.”

तो ओरडून का बोलतो, हे छापखानेवाल्यांना तेव्हा कळलं. खोळंबलेली माणसं बघत होती. तरी त्यांनी सगळं बळ एकवटून मोठ्याने सांगितलं, “माझं चुकलं. मी तुम्हाला भिकारी म्हणालो. माफी मागायला आलोय.”

सैनिकाने हात पुसले. “मला मान नको होता,” तो म्हणाला, “तुम्ही इतर गिऱ्हाइकांसारखं वागवलं असतंत, तरी पुरे होतं.” आणि तो परत कामाला लागला.

संध्याकाळी त्याच्या बायकोने वहिनींना फोन करून, घर आम्ही घेतो, असं कळवलं. वायरी बदलल्या, पुन्हा तपासणी झाली, कर्ज मंजूर झालं. किल्ल्या घ्यायला दोघं आले तेव्हा वहिनींनी चहा केला. बाईने घेतला, त्याने घेतला नाही. मनात काही ठेवू नका, असं छापखानेवाले म्हणाले, तेव्हा तो सरळ बोलला, “राग जायला वेळ लागेल. घर मात्र चांगलं आहे.”

छापखानेवाल्यांनी ते ऐकून घेतलं. एवढं ऐकून घेणं आपल्या वाट्याचं आहे, हे त्यांना उमगलं होतं.

वाचकहो, सैनिकांचं कौतुक आपण सगळेच करतो. पण तोच माणूस अंगावरचा गणवेश उतरवून आपल्या फाटकाशी घर मागायला येतो, तेव्हा आपल्याला अडचणी आठवतात. सरकारने दिलेली हमी ही खैरात नाही, ती त्याने आधीच कमावलेली आहे. सरकार त्याला जामीन राहिलं, तरी दार उघडणं मात्र तुमच्या-माझ्याच हातात असतं.