मोकळी ठेवलेली लाइन

टेलिफोन कंपनीची सूचना स्पष्ट होती. नुसत्या बोलण्यासाठीच्या जुन्या लाइन महिनाअखेरीस बंद होणार होत्या. जो ग्राहक त्याच तारेवर डीएसएल इंटरनेट घेईल, त्याचीच लाइन आणि नंबर कायम राहणार होता. दुसरा पर्याय केबलचा. ती घेतली की फोन कायमचा मुका.

तंत्रनिकेतनात शिकलेल्या माझ्यासारख्याला हा निर्णय अवघड नव्हता. आमचे घर एक्स्चेंजपासून लांब आहे आणि तांब्याच्या तारेत अंतर वाढेल तसा सिग्नल क्षीण होत जातो. केबल संध्याकाळी, सगळी गल्ली एकदम वापरू लागली की, थोडी मंदावते. तरीही डीएसएलच्या कितीतरी पुढे राहते. शिवाय धाकटी घरी बसून इमारतींचे नकाशे करते आणि ते पाठवायला तिला वेग लागतो. हे सारे मी रात्रीच्या जेवणात दोघींपुढे क्रमवार मांडले.

"झालं व्याख्यान?" बायकोने विचारले. "मग डीएसएल घ्या."

कारण तिघांनाही ठाऊक होते. थोरला सहा वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडला, त्यानंतर त्याचा ठावठिकाणा नव्हता. आमचे मोबाइल नंतरचे. त्याला पाठ असलेला नंबर एकच, घरचा. म्हणून ही रोज सकाळी रिसीव्हर उचलून टोन ऐकत असे आणि त्या फोनवर कुणालाही बोलू देत नसे. न जाणो, नेमका तेव्हाच त्याने केला तर? सगळ्या नातेवाइकांना तिने स्वतः बजावले होते, "काम असेल तर धाकटीच्या मोबाइलवर करा. घरची लाइन अडवू नका."

"आई, डीएसएलवर माझा एक नकाशा जायला अर्धा दिवस लागेल," धाकटी म्हणाली.

"तेवढ्यात झोप काढ. डोळे बघ कसे झालेत."

"मस्करी नको गं. हातचं काम जाईल माझं."

"काम दुसरं मिळेल. दादाला दुसरा नंबर कुठून मिळेल?"

धाकटीने हातातला घास ताटात ठेवला.

"तो त्या नंबरवर फोन करणार नाही, आई."

"तू काय भविष्य सांगतेस?"

"माझ्या मोबाइलवर येतो त्याचा फोन. दोन वर्षं झाली. नंबर मामाकडून घेतला त्याने."

ही ताटाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामाला तो मीच दिला होता."

मला विचारायचे बरेच होते, पण आधी विचारण्याचा हक्क हिचा होता.

"बरा आहे?"

"बरा आहे. नोकरी आहे."

"गार हवेत घसा बसतो का अजून?"

"बसतो."

"मग इथे का नाही केला एकदाही?"

"तुझा आवाज ऐकला तर परत यावं लागेल, म्हणतो. आणि त्याला यायचं नाही. मला शपथ घातली होती गं. त्याचा नंबर देऊ तुला?"

"नको. त्याला द्यायचा असता तर त्याने दिला असता."

मी घसा साफ केला. डीएसएलची तार प्रत्येक घराची स्वतंत्र असते, संध्याकाळीही तिचा वेग पडत नाही, आणि धाकटीला कामासाठी बाहेर एखादी जागा पाहता येईल, असे मी सांगू लागलो. आयुष्यात प्रथमच मी आकड्यांच्या विरुद्ध बाजूने बोलत होतो. हिने सगळे ऐकून घेतले.

"पुरेल हो डीएसएल," ती म्हणाली. "पण कशाला? केबलच घ्या."

सकाळी केबलच्या कार्यालयाला कळवायचे होते. मी सवयीने धाकटीचा मोबाइल मागितला.

"तिला काम करू द्या," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "घरच्या फोनवरून करा."

मी रिसीव्हर उचलला. कार्यालयाने मला बराच वेळ ताटकळत ठेवले. पलीकडे कसलेसे संगीत वाजत होते. ही बाहेर येऊन समोर बसली आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. लवकर आटपा, असे ती म्हणाली नाही.