काठोकाठ भरलेली डिस्क

मित्रांनो, तळहातावर मावेल अशी ही काळी डबी म्हणजे मी, एक जुनी हार्ड डिस्क. नांदगाव खंडेश्वरच्या कुलदीपने मला अमरावतीहून आणले ते त्याच्या लग्नासाठी. फोटोवाल्याने प्राजक्ताची हळद, वरात, सारे माझ्यात भरले. पाहुणे आले की मला टीव्हीला जोडत. माझे फार कौतुक व्हायचे.

पुढे कावीळ होऊन प्राजक्ता गेली. वर्षश्राद्धाच्या आधीच घरात आचल आली. दुसरेपणाच्या नवरीच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीची छोटी प्रतिमा, घालतात, तसा आचलच्याही घातला.

वर्षश्राद्धाला प्राजक्ताची आई, कौशल्याबाई, अकोल्याहून आली. भर पंगतीत ती म्हणाली, "जवाईबापू, लगनाची ते डबी मले द्या ना. पोरीचा आवाज ऐकाचा हाये."

"उद्याच पाठोतो, आई. तुमचाच हक्क हाये," कुलदीप म्हणाला. पंगतीने जावयाची तारीफ केली.

पाहुणे पांगले आणि कुलदीपच्या आईने, जयवंताबाईने, तोंड उघडले. "टाक घातला ना गळ्यात? मंग तिचं हे अजून काहून ठिवलं? बुढी रोज पायन, रोज रडन, अन् बोल आपल्याले लागन."

कुलदीपने मला फॉरमॅट केले. मित्रांनो, फॉरमॅट केल्याने आम्ही रिकाम्या होत नाही. दारावरची पाटी निघते, आतले माणूस आतच असते. प्राजक्ता माझ्यात जशीच्या तशी होती. जाणकाराने तिला सहज बाहेर काढले असते.

हे कुलदीपलाही ठाऊक होते. म्हणून त्याने आचलच्या लग्नाचे चित्रण माझ्यात ओतले. एकदा नाही, तेच ते पुन्हा पुन्हा. वरून वरात उतरत होती आणि खाली प्राजक्ता चिरडली जात होती. मला ओरडता येत नाही. मी नुसती तापत राहिले.

मग कबूल केल्याप्रमाणे त्याने मला अकोल्याला पाठवले. तिथे कौशल्याबाईने मला गजेंद्रच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेले. पडद्यावर नवरी आली. आचल. गळ्यात टाक.

"हे माही पोरगी नोहे," कौशल्याबाई हळूच म्हणाली.

गजेंद्र दुपारभर माझ्यात खणत बसला. एका कोपऱ्यात, वरातीचा पाय पडला नव्हता तिथे, प्राजक्ताच्या आवाजाचा एक तुकडा सापडला. "आई, इकडं पाय ना." एवढाच.

"अजून?"

"नाही मावशी. कोनीतरी मुद्दाम वरून भरलं."

"चुकून झालं असन, बापू. जवाई तसे नाहीत."

त्याने तो तुकडा तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. तेवढ्यात कुलदीपचा फोन आला. "आई, निघालं काय काही?"

"निघालं, जवाईबापू. तुमी पाठोली म्हनून निघालं. देव तुमचं भलं करो."

कुलदीप म्हणाला, "डिस्क वापस पाठवजा. आमचं लगन हाये तिच्यात."

कौशल्याबाईने मला पदराने पुसले, कापडात गुंडाळले आणि त्याच्याकडे पाठवून दिले. त्या पदराचा स्पर्श मला शिव्यांहून जास्त लागला. कुलदीपने शिव्या तरी कुठे दिल्या होत्या? तो सगळे गोड बोलूनच करतो.

आता मी त्याच्या कपाटात पडून आहे. मित्रांनो, आमच्यात काही भरायच्या आधी एवढेच विचारा, की खाली जे आहे ते कोणाला अजून ऐकायचे आहे का. आम्हाला नाही म्हणता येत नाही. जे द्याल ते आम्ही घेतो, पोटातल्या माणसाच्या अंगावरसुद्धा.