वाया जाणारं ऊन

वृषालीने गाडीची चार्जिंगची वायर उपसली आणि गुंडाळून भिंतीच्या खुंटीला अडकवली. तिचा नवरा सोपान दात घासत पाठीमागे उभाच होता.

"परत रातच्या लायटीवर भरलीस?"

"मग कधी भरू? दिवसा मी एमआयडीसीत, गाडी माझ्याबरोबर."

"आन वर ऊन वाया चाललंय!"

महिनाभर हेच चाललं होतं. जळोचीच्या घरावर त्याने हौसेने सोलर बसवलं, ते या गाडीसाठीच. जादा वीज परत घेणारा मीटर अजून मंजूर नव्हता. दुपारची वीज वापरली तर आपली, नाहीतर गेली. वांग्याच्या वावरातून तो जेवायला आला, की मोबाइलवर वाया गेलेल्या विजेचा आकडा बघत घास तोंडातच घोळवायचा.

"मी काय म्हन्तो," त्याने चूळ भरली, "तू रातपाळी मागून घे. गाडी दिवसभर हितं ऱ्हाईल."

वृषाली दार उघडता उघडता थांबली. डेअरीच्या प्रयोगशाळेतली दिवसपाळी तिला साहेबांच्या मागे लागून लागून मिळाली होती.

"आणि छकुली? तिचा अभ्यास?"

"आई हाय की."

ओट्यावर मेथी निवडणाऱ्या द्वारकाबाईंनी मान वर केली नाही. "मला ह्यात वढू नगंस."

वृषालीने गाडीची किल्ली त्याच्या ओल्या हातावर ठेवली आणि रस्त्यावर जाऊन मैत्रिणीच्या, स्वरालीच्या स्कूटीला हात केला.

दुपारी त्याचा फोन आला. "फुल्ल झाली गाडी!"

"बरं झालं. चालवा आता."

सोपानला चारचाकी येत नव्हती.

"अहो, एवढ्यात माझा आठवडा निघतो," ती म्हणाली. "रविवारी गाडी घरीच असते. तेव्हा भरायची."

"आन बाकीचं ऊन?" त्याचा आवाज रडवेला झाला.

तिने डोळे मिटले. कामावरून घरी गेल्यावर उपसायचा कपड्यांचा ढीग डोळ्यांपुढे आला.

"पाण्याची मोटर दुपारी लावा. कपड्यांचं मशीन दुपारी लावा."

"कोन लावंल?"

"दुपारी घरी कोण असतं?" म्हणत तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी तिने नेली. सोपान दारात उभा होता. जेवणाच्या सुटीत तिने डबा उघडला, तोच फोन वाजला. कपाळाला आठ्या घालूनच तिने तो कानाला लावला.

"ऊन कडक पडलंय," सोपान म्हणाला. मग आवाज बारीक करून, आईला ऐकू जाऊ नये असा, "ती पावडर कुठल्या खणात टाकायची?"