कठड्यावरचा टावेल

"पुनवेच्या दिवशी डोयालेही उपास घडव, महामाया. पोटाचा उपास त कोनीबी करते."

माय गेली, तिचं हे वाक्य मात्र माझ्या घरात राहिलं. पौर्णिमेला मी पांढरं पातळ नेसते, विहारात जाऊन अष्टशील घेते, बाराच्या आत जेवते आणि मग दुसरा दिवस उजाडेपर्यंत पाण्यावर राहते. आठ शीलांमधलं सातवं सांगतं की नाच, गाणं, खेळतमाशे बघू नयेत. मायला तेच सगळ्यांत जड जायचं, कारण तिला बघायची फार हौस. दारावरून वरात चालली असली तरी पौर्णिमेला ती भिंतीकडे तोंड करून बसायची. बँडच्या तालावर पाय मात्र हलायचा.

माझा धाकटा भाऊ प्रेमानंद मेहकरला मोटारसायकली दुरुस्त करायचा. मीनाबाजार यायचा तेव्हा त्यात मौत का कुआ असायचा. लाकडी फळ्यांची उंच गोल विहीर, तिच्या आतल्या उभ्या भिंतीवरून गाडी फिरवायची आणि लोकांनी वर उभं राहून खाली वाकून बघायचं. एका वर्षी त्यांच्या गाडीचं इंजिन जाम झालं. प्रेमानंद ते खोलायला गेला आणि मीनाबाजार उठला तेव्हा त्यांच्याबरोबर तोही गेला. सुरुवातीला कुठूनकुठून फोन यायचे. पुढे नंबर बदलले, आवाज थांबला. माय शेवटी आजारी पडली तेव्हा दाराशी कुणाची गाडी वाजली की डोळे उघडायची.

यंदा मीनाबाजार आमच्या डोणगावला आला, तुरी घरात येऊन पडल्या होत्या त्या दिवसांत. मी काही गेले नाही. शेजारच्या सिंधूताई नातवंडांना घेऊन गेल्या आणि आल्या त्या चप्पल न काढताच माझ्या स्वयंपाकघरात.

"महामाया, अवं आईक! तुह्या भावाचं नाव माईकवर घेऊन राह्यले!"

"कोनत्या माईकवर?"

"मीनाबाजाराच्या. उस्ताद प्रेमानंद डोनगाववाले की बेटी, असं वरडून राह्यला तो मानूस. पोट्टी गाडी चालवते वो. केस मोकळे, पायात बूट. मी त घाबरून डोयेच झाकले."

"मंग तुमाले केस कसे दिसले?" आमचे हे पलंगावरून म्हणाले. यांचं नाव गुलाबराव, आयुष्य एसटी चालवण्यात गेलं.

"तुमी गप बसा भाऊजी. तुमाले जमन का भितीवर गाडी चालवनं?"

"आपल्या रस्त्याईवर चालोली ना. भीत त्याच्याहून सपाट असते."

सिंधूताई हसल्या. मला हसू आलं नाही. बेटी म्हणाले होते, उस्ताद कुठे होता?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिंधूताईंना घेऊन मी गेले. पौर्णिमा अजून पुढे होती, त्यामुळे मनाला बोच नव्हती. लोखंडी जिना चढून फळीवर उभ्या राहिलो. गाडी सुरू झाली तशी ती अख्खी विहीर हलायला लागली. पायाखालची फळी थरथरत होती, पेट्रोलचा धूर वर येत होता. पोरं मोबाईल धरून खाली वाकली होती. कुणी तरी ओरडलं, "हात सोड बे, हात!"

मुलगी खाली गाडीजवळ उभी होती. एकोणीस-वीसची असेल. किक मारण्याआधी तिने हात जोडले आणि ओठ हलवले. मान किंचित डावीकडे कलली. माझी माय वंदना म्हणताना तिची मान अशीच कलायची. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

ती भिंतीवर चढली. माझ्या पायाखालून जायची, समोर दिसायची, परत पायाखालून. प्रत्येक फेऱ्यात ती एकाच ठिकाणी वर बघत होती. मी तिकडे बघितलं. जिन्याच्या उजव्या अंगाला कठड्याला एक लाल टावेल बांधलेला होता. त्याच्याजवळ कुणीही उभं नव्हतं.

खेळ संपल्यावर आम्ही मागे तंबूकडे गेलो. ती उलट्या बादलीवर बसून बुटांचे बंद सोडत होती.

"प्रेमानंद कुठी हाय?" मी विचारलं.

तिने वर बघितलं. "तुमी कोन?"

"त्याची बहीन. महामाया."

ती उभी राहिली. माझ्या पाया पडावं की नाही ते तिला सुचलं नसावं. हात नुसताच अर्धा पुढे आला.

"आत्या?" ती म्हणाली. "पापा सांगे. डोनगावले आत्या हाय. माह्यासारखी जिद्दी हाय म्हने."

"कुठी हाय तो?"

"पापा त गेला, आत्या."

ती बोलत होती तशी वऱ्हाडी मी तरुण पोरीच्या तोंडून कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. आमच्या गावातली पोरंही आता असं बोलत नाहीत. एका माणसाकडून शिकलेली भाषा, मध्ये मध्ये हिंदीची ठिगळं.

"कुव्यात?" सिंधूताईंनी हळूच विचारलं.

"नाई. कुव्यात त त्याले कधी खरचटलं बी नाई. काविळीनं गेला. पराये गाव होते, सरकारी दवाखाना होता. कंपनीवाल्याईनं जाळलं." कंपनी म्हणजे त्यांचा मीनाबाजार. "मागच्या बरसातीच्याबी पयले."

मी खाली बसले, मातीतच. तोपर्यंत माय गेली नव्हती. माय दाराकडे कान लावून पडली होती, आणि तो कुठल्या गावात जळून गेला ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

तिने पाण्याची बाटली पुढे केली. करिष्मा तिचं नाव. तिची आई ती लहान असतानाच दुसऱ्या कंपनीत निघून गेली होती. हे तिने असं सांगितलं, जसं कुणी दुसऱ्या वॉर्डात राहायला गेल्याचं सांगावं.

"किक माराच्या आधी काय म्हनते तू?" मी विचारलं.

"गाडी सुरू कराचा मंतर. पापानं शिकवला." तिने म्हणून दाखवलं. बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं गच्छामि. उच्चार एकदम स्वच्छ, मायचे होते तसे. "हे म्हनल्याबगर गाडी पयल्या किकमध्ये सुरू होत नाई. दुसऱ्याईले नाई येत हा मंतर."

सिंधूताईंनी तोंडाला पदर लावला. तो गाडीचा मंत्र नाही हे मी तिला सांगणार होते. सांगितलं नाही.

"आन तो टावेल?"

"चक्कर येते ना आत्या. गोल गोल फिरून सारी दुनिया घुमते. मंग एका जाग्यावर डोया ठेवा लागते. पापाचे गुडघे गेले गाडी चालवून चालवून, तवापासून तो तिथीच उभा राहे. मी त्याचं तोंड पाहो. आता टावेल पाहतो." ती 'पाहतो' म्हणाली, बापासारखं. "टावेलाचं काय, हवेनं हालते. तोंड नाई हालत."

तिला चल घरी म्हणाले. ती हसली. पुढच्या गावाला ठरलेलं होतं सगळं, पौर्णिमेला इथला शेवटचा खेळ. त्या दिवशी ती दोन्ही हात सोडून चालवणार होती. शेवटच्या खेळाला लोकांना तसंच लागतं. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "पापाबी नकोच म्हने. पन उभा राहे."

तेवढ्यात पुढच्या खेळाची शिट्टी झाली. ती बूट घालू लागली. मी उठले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघताना आपण म्हणतो ते म्हणाले, "येते मंग, बाई."

तिचे हात बंदावर थांबले.

"कधी?"

मला प्रश्नच कळला नाही.

"आखरी खेळाले?" ती म्हणाली. "पुनवेले? तिथी उभी राहाले?"

निघताना जाते म्हणू नये, म्हणून येते म्हणतात. हे कुणी शिकवत नाही, घरात येणारी-जाणारी माणसं असली की येतं आपोआप. तिच्या तंबूत बाप होता, आणि बाप तिला सोडून कुठे गेलाच नव्हता, शेवटचं जाईपर्यंत.

मी तोंड उघडायच्या आत ती पळाली. विहिरीच्या दारातून आत जाता जाता वरच्या माणसाला ओरडली, "चाचा! पुनम के दिन तौलिया मत बाँधना! मेरी आत्या खडी रहेगी!" आणि गाडी सुरू झाली. त्या आवाजात मी काही म्हणाले असते तरी कुणाला ऐकू गेलं असतं?

घरी येताना सिंधूताईंनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "तू त नुसतं म्हनली वो. साऱ्या दुनियेत म्हन्तेत."

"तिनं आईकलं ना पन."

त्या संध्याकाळी वंदनेला बसले. पंचशील मी रोज सकाळ-संध्याकाळ घेते, लग्नाआधीपासून. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, इथवर आले आणि पुढचं आठवेना. यांनी मागून पुढची ओळ म्हटली तेव्हा मी पुढे म्हणू लागले.

जेवताना यांना सगळं सांगितलं. प्रेमानंदचं ऐकून यांनी ताट बाजूला सरकवलं. दोघं तसे मित्रच होते, मेहुणे कमी. मग म्हणाले, "महामाया, तू कायले घोर लावून घेते? मी उद्या जाऊन सांगतो. तिले पुनवेचं शील असते, ते येऊ शकत नाई, तू आपला टावेल बांधजो. एवढंच त सांगाचं हाय."

"सांगा," मी म्हणाले. मला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

सकाळी हे भाकरी आणि वांग्याची भाजी डब्यात घेऊन गेले. दुपारी आले. रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि अंगणात खाटेवर जाऊन बसले.

"सांगतलं?"

"खाल्लं तिनं. बोटं चाटून खाल्लं."

"सांगतलं का म्हन्ते मी."

"नाई सांगतलं."

"काऊन?"

"मी आत्याचा नवरा हाय म्हनलं, त मले वर घेऊन गेली. जागा धुवून ठेवली व्हती तिनं, महामाया. कठड्याले हात लावून मले इचारते, आत्याची उंची किती हाय? इथून दिसन ना तिचं तोंड? मंग त्या चाचाले सांगून खाली एक पाट ठोकून घेतला." यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी इतके वर्सं लोकाईले गाडी भरली म्हनून उतरून देलं. पन हे मले नाई जमलं. तू स्वताच सांग."

मग पौर्णिमेपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. तूर पाखडली, निवडली. रात्री दिवा मालवला की फळ्यांचा आवाज यायचा, मीनाबाजार तसा लांब होता तरी. मी जाऊन सांगू शकले असते. मैदान काही परगावी नव्हतं. रोज पदर खोचून दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. हात सोडून ती वर बघणार, आणि तिथे हवेने हलणारं फडकं. आणि गेले तरी काय बघणार होते मी? पडली तर माझ्या डोळ्यांसमोर पडेल. प्रेमानंदचं तेवढं एकच तर उरलेलं.

पौर्णिमेला सकाळी न्हाऊन पांढरं पातळ नेसले आणि विहारात गेले. आमच्याकडे भन्ते नेहमी नसतात. भिमाबाई सगळ्यांत वयस्क, त्या शील देतात. त्या म्हणतात, आम्ही मागून म्हणतो. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले असेन, कारण सिंधूताईंनी वळून बघितलं. पाचवं, सहावं. मग भिमाबाईंनी सातवं सुरू केलं, नच्चगीतवादित, आणि बायकांचे आवाज त्यांच्यामागून गेले. मी गप्प राहिले. ओठही हलवले नाहीत. घेऊन मोडण्यापेक्षा न घेतलेलं बरं, एवढंच मला कळत होतं. आठवं परत सगळ्यांबरोबर म्हटलं.

सगळ्या उठल्यावर भिमाबाईंनी मला थांबवलं. त्यांना कमी दिसतं, पण ऐकू सगळं येतं.

"सातवं नाई घेतलं तू."

"नाई, मावशी."

"तुही माय असती त?"

मी पदर सारखा केला.

"काऊन नाई घेतलं?"

"आज पाहा लागते."

"काय पाहा लागते अशी?"

"भावाची पोरगी."

भिमाबाई माळ फिरवत राहिल्या. त्यांनी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. "बाराच्या आत जेवून घे," एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या.

जेवले. दुपारी बायका ग्रंथ ऐकायला बसल्या, मीही शेवटच्या रांगेत बसले. सिंधूताई वाचत होत्या. खिडकीतून ऊन कलताना दिसत होतं. लांबून माईकचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, नुसती लय. मी उठले. बुद्धमूर्तीला तीन वेळा नमस्कार केला. सिंधूताईंचं वाचन क्षणभर अडखळलं, मग पुन्हा सुरू झालं.

बाहेर येऊन चपला शोधल्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात घेतला आणि मैदानाच्या रस्त्याला लागले.