चुलीचा देव वर जातो

संक्रांतीला गुळाचा पाक कडक झाला आणि मनोरमाबाईंचा तोल सुटला. "आईने काही शिकवलंच नाही का गं तुला?" सुनेला त्या बोलून गेल्या. स्वरूपाची आई दिवाळीत गेली होती, हे त्यांना शब्द तोंडातून निसटल्यावर आठवलं. तेव्हापासून आठ दिवस जर्मनीतल्या, एर्लांगेनच्या त्या घरात "पान वाढलंय" यापलीकडे दोघींत बोलणं नव्हतं. मुलगा क्षितिज ऑफिसला गेला की घर अगदी मुकं व्हायचं. तिळाच्या वड्या डब्यात दगडासारख्या पडून होत्या. ना कुणी दिल्या, ना कुणी घेतल्या.

त्या दुपारी शेजारच्या लिन आजी दारात आल्या. पस्तीस वर्षं जर्मनीत काढलेल्या चिनी बाई. हातात लाल कागद, त्यावर दाढीवाला देव. जर्मनमध्ये काहीतरी मागत होत्या. मनोरमाबाईंना अक्षर कळेना. शेवटी त्यांनाच सुनेपुढे तोंड उघडावं लागलं.

"काय म्हणतायत गं?"

"मध आहे का विचारतायत. हा त्यांचा चुलीचा देव. वर्षभर स्वयंपाकघरात बसून घरातलं बोलणं ऐकतो. त्यांचं चिनी नवं वर्ष आठवड्यावर आलं की हा कागद जाळतात, मग तो वर स्वर्गात जाऊन सांगतो. म्हणून निघताना त्याच्या ओठांना काहीतरी गोड, चिकट लावतात."

"सगळं सांगतो?"

"सगळं," स्वरूपा खिडकीकडे बघत म्हणाली.

मध संपला होता. स्वरूपा जरा घुटमळली, मग तिने वड्यांचा डबा काढला. एक वडी तव्यावर ठेवली. ती पाघळली, तिला तार सुटली. लिन आजींनी बोट लावून चाखलं. "गेनाऊ!" अगदी असंच हवं होतं त्यांना.

बाल्कनीत लोखंडी कढई ठेवून त्यांनी अंगठ्याने देवाचे ओठ माखले आणि काडी ओढली. कागदाच्या कडा वळल्या, दाढी पेटली, जळत्या गुळाचा वास सुटला. एक काळा पापुद्रा अलगद उचलला गेला. बर्फ खाली येत होता आणि तो त्यातून वर वर चालला होता.

मनोरमाबाईंचे हात आपसूक जोडले गेले. त्यांची आजी पहिला घास निखाऱ्यांना द्यायची आणि चुलीपुढे कुणाला वाकडं बोलू द्यायची नाही. का, ते आज, सत्तराव्या वर्षी, अंगावर काटा येऊन त्यांना कळत होतं.

"विचार गं त्यांना, शेजारच्या घरातलंही ऐकतो का तो? भिंती पातळ आहेत इथल्या."

स्वरूपाने विचारलं. लिन आजी हळू आवाजात काही बोलल्या.

"म्हणतात, देवाचं माहीत नाही. पण मला आठवडाभर तुमच्याकडून काहीच ऐकू आलं नाही."

मनोरमाबाईंनी डब्यातून एक वडी उचलली. ती सुनेपुढे धरली.

"चुकलं माझं, स्वरूपा. तुझ्या आईला मध्ये आणायला नको होतं. घे."

स्वरूपाचे डोळे भरून आले. "अहो आई, दात पडेल माझा."

"चावू नकोस. नुसती तोंडात धर."

त्यांनी स्वतःही एक घेतली. मग दोघी गालात वडी धरून वर बघत राहिल्या. पापुद्रा केव्हाच दिसेनासा झाला होता.